डंडॉकचें अजिंक्यपद : वीरकथा कीं कष्टकथा?

आयर्लंड हें नांव मराठी वाचकास नवें नाहीं. लोकमान्यांनीं १९१६ सालीं बेळगांवास स्थापन केलेल्या संघाचें 'होमरूल' हें नांवच मुळीं त्या देशाच्या राजकारणांतून आलेलें होतें, आणि पुढें डी व्हॅलेराच्या लढ्याच्या हकीकती आमच्याकडे मोठ्या उत्सुकतेनें वाचल्या गेल्या. परंतु स्वराज्य पदरांत पडल्यावर तो देश रविवारीं दुपारीं काय करीत असे, याची विचारपूस आम्हीं फारशी केलेली नाहीं. राष्ट्राचें अंतरंग त्याच्या जाहीरनाम्यांत दिसतें तितकेंच त्याच्या करमणुकींतहि दिसतें, असें आमचें मत आहे. म्हणून एका फुटबॉल क्लबाच्या एका मोसमाची, आणि त्याहूनहि अधिक त्या मोसमाची जी कथा सांगितली जाते तिची, येथें परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळ हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. आयरिश फ्री स्टेटची फुटबॉल लीग १९२१-२२ च्या मोसमांत सुरू झाली, तेव्हां तिच्यांत आठ संघ होते आणि ते आठहि डब्लिनचे होते. पुढें बाहेरचे संघ येत-जात राहिले, परंतु अजिंक्यपद कांहीं डब्लिनची वेस ओलांडीना. पहिल्या अकरा मोसमांत शॅमरॉक रोव्हर्सनें तें चारदां मिळविलें, बोहेमियन्स व शेलबर्न यांनीं तीन-तीनदां, आणि सेंट जेम्सेस गेटनें एकदां. चार क्लब, अकरा अजिंक्यपदें, आणि शहर एकच. बाराव्या मोसमांत, म्हणजे १९३२-३३ मध्यें, दहा संघांच्या अठरा-अठरा सामन्यांनंतर गुणांच्या तक्त्याच्या माथ्यावर डंडॉक हें नांव आलें. डब्लिनबाहेरील संघानें लीग जिंकण्याचा तो पहिला प्रसंग होय.

ही कथा सांगण्याची एक ठराविक तऱ्हा पडून गेली आहे. एका बाजूस लहान गांव, दुसऱ्या बाजूस माजलेली राजधानी, आणि शेवटीं दैवाचा कौल लहानाच्या पारड्यांत! डंडॉकच्या बाबतींत तर या मोहास पुराणाचाहि आधार मिळतो. त्या गांवाच्या आयरिश नांवांतील पहिल्या शब्दाचा अर्थ गढी असा आहे, आणि दंतकथा अशी कीं, ही गढी आयरिश पुराणांतील महावीर कूहुलिन याची. त्याच्या मुख्य पराक्रमाची कथा आपल्या विराटपर्वांतील गोग्रहणाची आठवण करून देते. कॉनॉटच्या राणीची सेना एक अप्रतिम वळू हरण करण्यास येते. अल्स्टरचे सारे योद्धे शापामुळें निर्बल होऊन पडलेले असतात. आणि हा कोवळा पोर नदीच्या उतारावर एकटा उभा राहून एकामागून एक येणाऱ्या वीरांस द्वंद्वयुद्धांत अडवून धरतो. ज्या कूली द्वीपकल्पांत तो वळू होता, तें डंडॉकच्या उपसागराच्या पलीकडच्या कांठावरच आहे. तेव्हां राजधानीच्या फौजेस एकट्यानें तोंड देणारा संघ पाहून कोणास कूहुलिन आठवला, तर नवल नाहीं. आमच्याकडे अशा वेळीं अभिमन्यु आठवतो.

परंतु ही तुलना गौरवाची दिसली तरी तीं गौरव थोडा आणि अन्याय फार, असें आम्हांस वाटतें. चमत्काराचें कारण कोणी विचारीत नाहीं. जें दैवानें घडलें त्याची तयारी कोणी केली, पैसा कोठून आला, मागें किती वेळां हार खाल्ली, हे प्रश्न अद्भुतरसाच्या पुरांत वाहून जातात. शिवाय कूहुलिन एकटा लढतो. फुटबॉलमध्यें एकटा कोणीच लढत नाहीं. म्हणून प्रथम हें पाहिलें पाहिजे कीं, डंडॉकचा विजय खरोखर वीरकथेच्या जातीचा होता काय.

येथें लीग आणि चषक यांतील भेद ध्यानांत घ्यावा लागतो. चषकाची स्पर्धा एकांकिकेसारखी असते. चार-पांच सामने जिंकले कीं काम झालें; एखाद्या दुपारीं गोलरक्षकाच्या अंगांत आलें, वारा फिरला, चेंडू खांबाला लागून आंत गेला, कीं लहान संघहि मोठ्यास लोळवितो. म्हणूनच चषक डब्लिनबाहेर पूर्वींच गेला होता. १९२४ सालीं तो अॅथलोननें जिंकला, १९२६ सालीं कॉर्कच्या फोर्डसन्सनें. लीग ही मात्र मोठ्या कादंबरीसारखी आहे. तिच्यांत एखादें प्रकरण झगझगीत उतरून भागत नाहीं. पावसांतील, चिखलांतील, अर्धा संघ जायबंदी असतांनाचीं प्रकरणेंहि निभवावीं लागतात. एका दिवसाचें दैव अठरा दिवस पुरत नाहीं.

आतां डंडॉकचा इतिहास पहा. जेथें वीरकथेस वाव, त्या चषकांत हा संघ पुनःपुन्हां हरला. १९३१ च्या अंतिम सामन्यांत शॅमरॉक रोव्हर्सशीं एक-एक अशी बरोबरी झाली आणि फेरसामना एका गोलानें गेला. १९३५ सालीं बोहेमियन्सकडून चार विरुद्ध तीन, आणि १९३८ सालीं सेंट जेम्सेस गेटकडून दोन विरुद्ध एक, असे आणखी दोन अंतिम सामने निसटले. ज्या १९३३ सालीं लीग डंडॉकला मिळाली, त्याच सालीं चषक मात्र सलग पांचव्यांदां शॅमरॉक रोव्हर्सनें नेला. उलट, जेथें चिकाटीची कसोटी त्या लीगमध्यें डंडॉक १९३०-३१ सालींच शेलबर्नच्या पाठोपाठ दुसरा आला होता. म्हणजे दोन वर्षें आधींच हा संघ शिखराच्या पायरीपर्यंत पोंचलेला होता. अकस्मात् उगवलेला धूमकेतु हा नव्हेच. एका दुपारच्या पराक्रमांत कमी पडणारा आणि लांब पल्ल्याच्या कामांत पुरा पडणारा, असा हा संघ होता. आणि त्याच्या गांवाचा स्वभाव जाणणाऱ्यास यांत आश्चर्य वाटूं नये.

कारण डंडॉक हें रेल्वेचें गांव. डब्लिन आणि बेलफास्ट यांच्या जवळजवळ मध्यावर, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या मुख्य मार्गावर तें वसलेलें आहे, आणि त्या कंपनीचा इंजिनें बांधण्याचा व दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना तेथें होता. फिटर, लोहार, सुतार, रंगारी अशा कामकऱ्यांच्या वस्तींत १९०३ सालीं हा क्लब निघाला, तो कंपनीचें नांव लावूनच. १९२६ सालीं त्यास लीगमध्यें प्रवेश मिळाला. अशा कारखान्यांच्या संघांची आयर्लंडांत त्या काळीं रेलचेल होती. सेंट जेम्सेस गेट हा गिनेसच्या दारूभट्टीचा, जेकब्स हा बिस्किटांच्या कारखान्याचा, फोर्डसन्स हा फोर्डच्या ट्रॅक्टर कारखान्याचा. फ्री स्टेटचें उद्योगजीवन पाहावयाचें असेल तर त्या वर्षांतील गुणतक्ता वाचावा, इतके ते एकमेकांत गुंतलेले आहेत. भोंग्याच्या ठोक्यावर कामास लागणाऱ्या आणि एका माणसाच्या चुकीनें इंजिन रुळांवरून उतरतें हें जाणणाऱ्या लोकांना सांघिक खेळ शिकविण्यास कूहुलिनाची गरज नव्हती.

तो मोसम ज्या दिवसांत खेळला गेला, तेहि आठवले पाहिजेत. देशाची फाळणी होऊन सरहद्द गांवापासून थोड्याच मैलांवर पडली होती आणि १९२३ पासून तिच्यावर जकातनाकीं बसलीं होतीं. ज्या रेल्वेवर गांव जगे, तिचा मार्ग दोन राज्यांत विभागला गेला होता. १९३२ च्या उन्हाळ्यांत जमिनीच्या हप्त्यांवरून डी व्हॅलेराचें सरकार आणि ब्रिटन यांचें बिनसलें व ब्रिटननें आयरिश गुराढोरांवर जबर जकात बसविली. त्यांतच १९३३ च्या जानेवारीअखेर पगारकपातीवरून उत्तरेकडील रेल्वेंवर संप पेटला. ग्रेट नॉर्दर्न त्यांत होतीच, आणि तो एप्रिलापर्यंत चालला. ज्या वर्षीं गांवाच्या पोटावर चोहोंकडून घाला येत होता, त्याच वर्षीं गांवाचें नांव तक्त्याच्या माथ्यावर चढलें. या योगायोगांत जें नाट्य आहे, तें वीरकथेच्या सांगणाऱ्यांस दिसत नाहीं. कारण त्यांस शत्रु म्हणून डब्लिन पुरतें.

येथें आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. क्लबानें १९३० सालींच आपल्या नांवांतून रेल्वे काढून टाकली होती. मग हा कामकऱ्यांचा विजय कसा? शिवाय त्या काळीं आयरिश क्लब इंग्लंड-स्कॉटलंडांतून धंदेवाईक खेळाडू आणीत, आणि डंडॉक त्यास अपवाद नव्हता. बोहेमियन्सनें केवळ हौशी खेळाडूंच्या बळावर १९३० आणि १९३४ सालीं लीग जिंकली. त्या मानानें डंडॉकचें यश विकतचें नव्हे काय?

आमचें उत्तर असें. विकत घेण्याची ऐपत हीहि कोणीतरी कमवावी लागते. राजधानींतील हौशी क्लबाच्या भोंवतीं खेळाडूंचा सुकाळ असतो. आडगांवच्या क्लबास माणूस दूरवरून आणावा लागतो, त्याची राहण्याची सोय करावी लागते, त्यास गांवांत रुळवावें लागतें. व्यवस्थापक स्टीव्ह राइट याच्या हाताखालीं हें काम एकदोन नव्हे तर कांहीं वर्षें चाललें. संघांत परक्यांबरोबर जोई डॉनेलीसारखा गांवचाच मुलगा होता, जो त्याच दशकांत आयर्लंडच्या राष्ट्रीय संघांतूनहि खेळला. आणि केवळ भाडोत्री वीरानें काम होत नाहीं, याचा पुरावा स्लायगोच्या इतिहासांत आहे. स्लायगो रोव्हर्सनें १९३६-३७ सालीं लीग जिंकली. पुढें १९३९ च्या आरंभीं त्यांनीं साक्षात् डिक्सी डीन यास आणलें, ज्यानें एव्हर्टनतर्फे १९२७-२८ च्या एका मोसमांत लीगचे साठ गोल केले होते. गर्दी लोटली, डीननें गोलहि केले. पण त्या वर्षीं लीग शॅमरॉक रोव्हर्सकडे गेली आणि चषकाचा अंतिम सामना शेलबर्ननें जिंकला. वीर नसतांना अजिंक्यपद आणि वीर असतांना हार, हा धडा वीरकथेच्या भक्तांनीं विसरूं नये.

दुसरा एक प्रश्न याहून खोल आहे. हा खेळच मुळीं आयरिश होता काय? गेलिक खेळांच्या राष्ट्रीय संस्थेचा तसा मुळींच समज नव्हता. फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, हॉकी हे परक्यांचे खेळ खेळणाऱ्या, इतकेंच काय पाहणाऱ्याहि सभासदास ती काढून टाकी, आणि हा नियम १९७१ पर्यंत टिकला. डग्लस हाइड यांनीं १८९३ सालीं आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीं गेलिक लीग काढण्यांत पुढाकार घेतला होता. तेच १९३८ सालीं राष्ट्राध्यक्ष या नात्यानें पोलंडविरुद्धच्या फुटबॉल सामन्यास उपस्थित राहिले, म्हणून या संस्थेनें त्यांचें आश्रयदातेपद काढून घेतलें! स्वत्वाचें रक्षण करणाऱ्यांची तळमळ आम्हीं समजूं शकतों. परंतु वस्तु कोठून आली यावरून ती आपली कीं परकी हें ठरूं लागलें, तर मराठी कादंबरीलाहि आम्हांस घराबाहेर काढावें लागेल. कांहीं साहित्यप्रकार, कांहीं खेळ, वापरून आपले होतात. डंडॉकच्या कामकऱ्यांनीं तीस वर्षें घाम गाळून तो खेळ आपलासा केला होता. त्यास परका म्हणण्याचा अधिकार कोणासहि नव्हता.

शेवटीं एका शब्दाविषयीं. 'प्रांतिक संघाचें पहिलें अजिंक्यपद' असें या विजयाचें वर्णन सर्वत्र आढळतें. वस्तुतः डंडॉक आणि डब्लिन हीं दोन्ही एकाच लेन्स्टर प्रांतांत येतात! तेव्हां येथें 'प्रांतिक' म्हणजे फक्त 'डब्लिन नव्हे तें'. ज्या विजयानें राजधानीचें वर्चस्व मोडलें, त्याचें मोजमापहि राजधानीच्याच पट्टीनें करावें, हा विनोद क्रूर आहे. 'पहिला बाहेरचा' या दोन शब्दांत त्या मोसमाची वासलात लावली कीं, कारखाना, सरहद्द, संप आणि मागील हारी सारेंच पुसलें जातें.

डंडॉकला चषक १९४२ सालीं मिळाला, तीन अंतिम सामने हरल्यानंतर. लीगचें दुसरें अजिंक्यपद १९६२-६३ सालीं आलें, म्हणजे तीस वर्षांनीं. तोंवर ग्रेट नॉर्दर्न रेल्वे राहिली नव्हती. १९५८ सालीं ती मोडली गेली आणि कारखान्याचें रेल्वेपणहि त्याबरोबर संपलें. वीरकथेच्या दृष्टीनें पाहिलें तर हीं तीस वर्षें म्हणजे रिकामी जागा. आमच्या दृष्टीनें तीं वर्षेंहि त्याच कथेचीं प्रकरणें आहेत. कारण दर मोसमास तोच संघ पुन्हां उभा करून मैदानांत आणणें, हेंच त्या गांवाचें खरें काम होतें. १९३२-३३ सालीं त्या कामाचें चीज झालें, एवढेंच.