‘सेल्फ’, मिस्त्री आणि एक अमेरिकन ग्रंथ

मोटारसायकलच्या दुरुस्तीवर तत्त्वज्ञानाची इमारत उभारणारा ग्रंथ म्हणून रॉबर्ट पर्सिग ह्या अमेरिकन लेखकाच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’चा लौकिक मोठा आहे. १९७४ सालीं प्रसिद्ध होण्यापूर्वीं शंभरांहून अधिक प्रकाशकांनीं तो परत केला होता, ही हकीगत त्याच्या चाहत्यांस विशेष प्रिय असते. आम्हांस मात्र ह्या ग्रंथाची परीक्षा कोल्हापुरांतील शिवाजी उद्यमनगरांत घ्यावीशी वाटते. परीक्षेस प्रश्न एकच: जुन्या मोटारसायकलची स्टार्टर मोटर, जिला आपल्याकडे सर्वजण ‘सेल्फ’ म्हणतात, ती बंद पडली असतां दुरुस्त करावी कीं बदलावी?

पर्सिग १९६८ सालीं मुलास मागें बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियास गेला. त्या प्रवासावर हा ग्रंथ आधारलेला आहे. यंत्र समजून न घेतां तें वापरणारा आणि मन न घालतां तें दुरुस्त करणारा, हे दोघेही एकाच रोगाचे रोगी होत, असें त्याचें म्हणणें. त्यानें दिलेला दाखला अविस्मरणीय आहे. इंजिन जाम झालें; कारखान्यांतील पोरांनीं रेडिओच्या सुरांत तें पुनःपुन्हा खोललें, ठोकलें, अधिकच बिघडवलें; आणि खरा दोष सांपडला तो तेलाच्या वाटेवरील पंचवीस सेंटांच्या एका तुटक्या पिनेंत!

हा दाखला ‘सेल्फ’ला तंतोतंत लागू पडतो. बटण दाबलें, नुसतें ‘टक्’ झालें, कीं ‘सेल्फ गेला, नवा घाला’ असा निकाल पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतो. वास्तविक तो ‘टक्’ रिलेचा असतो, आणि मोटरीवर आरोप ठेवण्यापूर्वीं बॅटरी, तिचीं टोकें, अर्थिंगची तार व रिले ह्या सर्वांची साक्ष घ्यावी लागते. एरवीं साडेबारा व्होल्ट दाखविणारी बॅटरी बटण दाबतांच नवाच्या खालीं घसरली, तर पहिला संशय तिचाच. मात्र आंतून जाम झालेली मोटरही हेंच नाटक करते, हें चांगला मिस्त्री विसरत नाहीं. मोटर घुंई करून फिरते पण इंजिन हलत नाहीं, अशा वेळीं दोष बहुधा ‘वनवे’ क्लचचा. तेथें नवी मोटर घालणें म्हणजे डोळा दुखतो म्हणून चष्म्याची दांडी बदलणें होय. मोटर खोलल्यावरही बरेचदां निघतो तो झिजलेला कार्बन, काळवंडलेला कम्युटेटर आणि त्याच्या खांचांत बसलेली भुकटी. नवा कार्बन, सफाई, लागल्यास एक बुश, एवढ्यानें ती पुन्हा वर्षानुवर्षें चालते. आर्मेचर जळलें किंवा चुंबक आंतल्या आंत निखळला, तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हा २०२१ च्या जुलैंत पंचगंगेचें पाणी शहरांत शिरलें. अशा पाण्यांत बुडालेल्या गाडीच्या मोटरींत गाळ आणि गंज एकत्र नांदत असतात, आणि कोणती मोटर वांचवावी व कोणती सोडून द्यावी ह्याचा विवेक तेथें खरोखर पणास लागतो.

येथपर्यंत पर्सिग आमचा सोबती आहे. पुढें तो साथ सोडतो. त्याच्या ग्रंथांत गाडीचा मालक हाच मिस्त्री आहे; त्यामुळें पैसा, घाई आणि विश्वास हे तीन प्रश्न त्याला फारसे पडतच नाहींत. उद्यमनगरांत ते सकाळीं दार उघडण्याआधींच येऊन बसलेले असतात. दुधाचे कॅन वाहणाऱ्या माणसास गाडी संध्याकाळीं हवी असते. अलीकडे कित्येक गाड्यांवरून किक नाहींशी झाल्यामुळें ‘सेल्फ’ बंद म्हणजे गाडीच बंद! मिस्त्रीनें दोनशे रुपयांत कार्बन बदलून दिला आणि रात्रीं गगनबावड्याच्या घाटांत मोटर पुन्हा थांबली, तर दोष त्याच्याच माथीं. नवी मोटर घालणें त्याला सोपें, सुरक्षित आणि वर फायद्याचेंही. आळशीपणा एवढ्या एका शब्दानें त्याचा निकाल लावणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. ‘आत्तांच्या आत्तां पाहिजे’ म्हणणारें गिऱ्हाईक, म्हणजे बहुधा आपणच, त्या निकालांत अर्धें भागीदार असतें.

उलट, दुरुस्तीच्या नांवाखालीं चालणाऱ्या तडजोडीचेंही आम्हांस कौतुक नाहीं. पर्सिग मित्राच्या उंची बीएमडब्ल्यूचें सैल हँडल बीअरच्या डब्याच्या पत्र्यानें घट्ट करूं पाहतो आणि मित्र रुसतो. हा प्रसंग वाचून कोल्हापूरकर हंसेल. येथें त्या पत्र्याचें कोणालाच वावडें नाहीं. पण हँडल निराळें आणि मोटर निराळी. दुसऱ्याच मोटरीचा कठीण कार्बन कानशीनें घांसून बसवला, तर तो कम्युटेटरचें तांबें खाऊन टाकतो, आणि वांचवलेले पैसे सहा महिन्यांत दामदुपटीनें जातात.

ग्रंथांतील आमचें आवडतें पात्र म्हणजे साखळीवरचा पत्रा जोडून देणारा म्हातारा वेल्डर. काम अप्रतिम करतो; स्तुति केली तर त्याला ती समजतही नाहीं. लेखक त्याला थोडकी जागा देतो आणि आपल्या तत्त्वचिंतनाकडे परततो. ग्रंथाचें मोठें उणें आम्हांस येथें दिसतें. जो गुण शोधण्यासाठीं शेंकडों पानें खर्चिलीं, तो ज्याच्या बोटांत आहे त्याला लेखक दोन प्रश्नही विचारीत नाहीं. गिऱ्हाइकाच्या तळहातावर झिजलेला कार्बन ठेवून, ‘हा बघा, एवढाच राहिलाय, मोटर चांगली आहे तुमची,’ असें सांगणारा मिस्त्री आम्हीं पाहिला आहे. दोष कोणता आणि कां, हें दाखवून मगच निकाल देण्याची ही रीत पुष्कळ पुस्तक-परीक्षणांतही आढळत नाहीं.

हा माणूस मराठी गद्यांत यावयास हवा. तें लिहूं इच्छिणाऱ्यास एवढीच सूचना कीं, कम्युटेटरला संस्कृत प्रतिशब्द घडवीत बसूं नये. उद्यमनगरांत आठ दिवस बसावें, आणि मोटर खोलली कीं टॉर्च धरावा.