मावळतीचा आनंद

फरीद झकेरिया यांचे 'द पोस्ट-अमेरिकन वर्ल्ड' हे पुस्तक मे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. लेखक मुंबईत जन्मलेला, औरंगाबादेत मौलाना आझाद महाविद्यालय उभारणाऱ्या रफिक झकेरियांचा मुलगा. साहजिकच आम्ही हे पुस्तक घरच्या माणसाचे म्हणून हाती घेतले आणि खरे सांगायचे तर शीर्षक वाचूनच खूश झालो. इराक-अफगाणिस्तानच्या त्या दिवसांत आम्हांला एवढेच ऐकायचे होते की अमेरिका संपली.

झकेरिया मात्र तसे म्हणत नाहीत. अमेरिका खाली येत नसून बाकीचे जग वर येत आहे, हे त्यांचे प्रतिपादन आहे. आधी युरोपचा उदय, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेचा आणि आता इतरांचा, अशी तीन स्थित्यंतरे ते मांडतात. नंतरच्या घटनांनी त्यांना बळच दिले. मार्च २०२३ मध्ये सौदी अरेबिया आणि इराण यांचा समेट वॉशिंग्टनमध्ये नव्हे, बीजिंगमध्ये झाला. २०२४ मध्ये इराण, इजिप्त, इथिओपिया आणि अमिरात 'ब्रिक्स'मध्ये आले, तर २०२५ मध्ये इंडोनेशिया.

पण उदय मोजायचा कशाने? पुस्तकाच्या आरंभीच यादी येते : सर्वांत उंच इमारत तैपेईत, सर्वांत मोठा आकाशपाळणा सिंगापुरात, सर्वांत श्रीमंत माणूस मेक्सिकोचा. म्हणजे गज पश्चिमेचाच, फक्त कापड पूर्वेचे! शिवाय कापड बदलले तरी दुकानाचे नियम बदललेले नाहीत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि सुमारे साडेसोळा टक्के मते एकट्या अमेरिकेकडे आहेत. २०२३ मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष झालेले अजय बंगा आपल्या खडकीत जन्मले खरे, पण त्या खुर्चीवर ते अमेरिकेचे उमेदवार म्हणूनच बसले.

याहून मोठा प्रश्न आमच्या आनंदाचा आहे. शिनजियांगमधील उइगुर मुसलमानांवर मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये अहवालातून मांडली. त्यावर नुसती चर्चा व्हावी, एवढाच ठराव ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मानवाधिकार परिषदेपुढे आला. तो १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार आणि अमिरात यांनी विरोधात मत दिले. मलेशिया तटस्थ राहिला, आपला भारतही. मुस्लिम देशांतून बाजूने उभा राहिला तो गरीब सोमालिया. सभागृह भरलेले होते ते उदय पावणाऱ्यांनीच. उम्मतचे नाव घेणाऱ्यांनी व्यापाराचा हिशेब पाहिला.

उर्दू शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना येथे इक्बाल आठवतात. गटेच्या दिवाणाला उत्तर म्हणून त्यांनी १९२३ मध्ये 'पयामे मशरिक' दिले. पश्चिमेची बुद्धी हृदयापासून तुटली, ही त्यांची तक्रार. पण पूर्वेच्या झोपेलाही त्यांनी माफ केले नाही. आम्ही मात्र इक्बालांचा अर्धाच धडा वर्गात घेतो. झकेरियांच्या पुस्तकात तर हा धडाच नाही. सत्ता कोणाकडे गेली हे ते उत्तम सांगतात, ती कशासाठी वापरली जावी याबद्दल फारच कमी बोलतात.

डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने गाझासाठी हेगच्या न्यायालयात इस्रायलविरुद्ध दावा दाखल केला. त्या देशाकडे ना सर्वांत उंच इमारत, ना नकाराधिकार. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने हंगामी आदेश दिले. त्याने युद्ध थांबले नाही, हे कबूल. पण वर्णभेद सोसलेल्या एका देशाने दुसऱ्याच्या दुःखासाठी कायद्याचे दार ठोठावले. आमच्या लेखी पश्चिमेनंतरच्या जगाची खरी सुरुवात असलीच तर ती इथे आहे.

पुस्तक जरूर वाचावे. मात्र मिटताना स्वतःला विचारावे : आपल्याला जुलूम संपायला हवा आहे, की फक्त जालिम बदलायला?