शोधसंज्ञा आणि वाङ्मयेतिहास

मराठी कादंबरीविचाराचा आरंभ शोधणारा अभ्यासक ग्रंथालयाच्या तालिकेत साहजिकच ‘कादंबरी’ ही संज्ञा घेऊन उतरतो. वि. का. राजवाडे यांचा १९०२ मधील ‘कादंबरी’ हा निबंध त्याला विनासायास सापडतो आणि प्रबंधाचे पहिले प्रकरण तेथूनच सुरू होण्याचा संभव असतो. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ त्याच्या तीस वर्षे आधीचा, १८७२ मधील. त्याच्या शीर्षकात कादंबरी हा शब्दच नाही.

येथे केवळ एक नोंद निसटते असे नव्हे. मराठ्यांनी नावलाविषयी केलेला विचारही तिच्याबरोबर निसटतो. ‘नावल’ या शब्दात प्रकाराचे परकेपण उघड होते; बाणभट्टाच्या कृतीवरून आलेल्या ‘कादंबरी’ने ते झाकले. शोधसंज्ञा म्हणून रूढ शब्दच तेवढा स्वीकारणे म्हणजे या झाकण्यास अजाणता संमती देणे होय.

शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे (१८००–१९३७ आणि १९३८–१९५०) मोल येथे कळते. तिची मांडणी विषयवार असल्याने एक नोंद हाती आली की तिच्या शेजारच्या नोंदी, शीर्षक काहीही असो, नजरेखालून जातात. संगणकावरील शब्दशोधात हे शेजार उरत नाही. शिवाय १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची अनुस्वारयुक्त रूपे (‘नाटकें’, ‘पुस्तकें’) आजच्या रूपाने शोधल्यास हुकू शकतात, ही अडचण वेगळीच.

ग्रंथसूची मात्र ग्रंथांपुरती. वाद झडले ते मासिकांत. आणि १८६७ पासून निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या मासिकाचे अंक उलटण्यास पर्याय नाही. पुस्तकपरीक्षणाच्या मथळ्यावर परीक्षित पुस्तकाचे नाव असते, वाङ्मयप्रकाराचे नव्हे. तळटीपांवरून माग काढण्याची प्रथा उपयुक्त खरी. परंतु तळटीप मागेच नेते, तीही आधीच्या समीक्षकाने जे पाहिले तेवढ्यापर्यंतच. त्याने मराठ्यांना वगळले असेल, तर त्याच्या तळटीपाही वगळतात.

म्हणूनच मराठ्यांचा निबंध हाती आल्यावर तो संदर्भयादीत घालून काम संपत नाही. ‘नावल’ ही संज्ञा घेऊन तीच तालिका, तीच सूची पुन्हा पहिल्यापासून पाहावी लागते; तोवर ‘कादंबरी’खाली जमवलेली टिपणे कच्चीच समजावीत.