उज्जयिनीचा सूळ आणि बर्लिनची फाशी

ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या ‘ड्राय ग्रोशन ओपर’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग बर्लिनमध्ये ३१ ऑगस्ट १९२८ रोजी झाला. पुढे पन्नास वर्षांनी, १९७८ मध्ये, पु. ल. देशपांडे यांनी केलेले तिचे मराठी रूप ‘तीन पैशाचा तमाशा’ या नावाने पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. तेव्हापासून या नाटकाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा ब्रेख्तच्या दुराव्याच्या कल्पनेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मला मात्र वाटते, की हे नाटक बसवू पाहणाऱ्याने आधी उज्जैनला जावे. आगगाडीने नव्हे, शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा दहावा अंक वाचून.

खरी अडचण तत्त्वज्ञानाची नाहीच. हसू आणि मरण एकाच क्षणी रंगमंचावर कसे नांदवायचे, ही ती अडचण. आपण सरळ वाटणी करून मोकळे होतो. एक प्रवेश हशाचा, पुढचा डोळे पुसण्याचा. मध्ये पेटीवाला सूर धरून प्रेक्षकांना सूचना देतो, की आता गंभीर व्हा. हौशी मंडळींच्या प्रयोगांत तर शेवटचा फाशीचा प्रवेश निव्वळ धमाल म्हणून उरकलेला मी पाहिला आहे.

आता उज्जयिनीचा तो रस्ता पाहा. गळ्यात कण्हेरीची माळ, अंगावर रक्तचंदनाचे पंजे, अशा अवस्थेत चारुदत्ताला वधस्थानी नेत आहेत. लहानगा रोहसेन मारेकऱ्यांना म्हणतो, मला मारा आणि बाबांना सोडा. आणि याच वेळी ते दोन चांडाळ आपापसांत वाद घालतात, की आज मारण्याची पाळी कोणाची! त्यांतला एक बापाने मरताना केलेला उपदेश सांगतो: घाई करू नकोस, कोणी पैसे भरून सोडवील, राजाला मुलगा होईल, हत्ती सुटून गोंधळ माजेल, कदाचित राजाच बदलेल. प्रेक्षक हसतो, पण ते हसणे चारुदत्ताचे आयुष्य क्षणाक्षणाने लांबवीत असते. शेवटी चांडाळाच्या हातून तलवार गळून पडते, तेव्हा तो सह्यवासिनी देवीला साकडे घालतो, की हा सुटो. उज्जयिनीच्या मारेकऱ्याला आमच्या सह्याद्रीची देवी आठवावी, याचे मला दर वेळी नवल वाटते.

सहाव्या अंकातही हीच युक्ती आहे. तुरुंग फोडून आलेला आर्यक गाडीत लपलेला सापडतो आणि त्याला वाचवण्यासाठी चंदनक हा पहारेकरी जोडीदाराशी मुद्दाम ‘कर्णाटकी’ भांडण उकरून काढतो. (आम्हा सीमेवरच्यांना या शब्दाची गंमत वेगळी सांगायला नको.) शूद्रकाच्या नाटकात विनोद म्हणजे करुणातून मिळालेली विश्रांती नव्हे. तो मरणाला दिलेली मुदत आहे.

ब्रेख्तने हाच सांगाडा उलटा करून वापरला आहे. मॅकहीथ, म्हणजे आपला अंकुश, पहाटे कोठडीत आहे. राणीच्या राज्यारोहणाची मिरवणूक असल्याने फाशी लवकर उरकायची आहे. तुरुंगाचा शिपाई लाच घ्यायला तयार आहे, पण पैसे वेळेवर जमत नाहीत. पोलीस अधिकारी मित्र शेवटच्या जेवणाच्या वेळी जुन्या हप्त्यांचा हिशेब घेऊन बसतो. इथेही प्रत्येक वाक्याला हशा आहे. मात्र प्रत्येक हशागणिक दोर जवळ येतो. मग अचानक राणीचा स्वार येतो आणि गुन्हेगाराला माफी, सरदारकी, किल्ला आणि वर्षाला दहा हजार पौंड जाहीर करतो. उज्जयिनीत सुटकेबरोबर पालकाचे राज्य जाऊन आर्यकाचे येते. लंडनमध्ये राणी तीच आणि भिकारीही तेच.

म्हणून या दोन सुटका एकाच चालीत सादर करणे मला चूक वाटते. संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला शेवटी नायक सुटणारच याची सवय आहे. देवलांच्या ‘मृच्छकटिका’ने ती सवय अधिकच गोड केली. त्यामुळे राणीचा स्वार आला की मराठी प्रेक्षक सुखावतो, आणि त्याने नेमके तिथेच अस्वस्थ व्हावे अशी ब्रेख्तची अपेक्षा असते. पु.लं.ची भाषा अफाट खेळकर आहे, पण तिचा माणसांवर इतका लोभ आहे की ती कडवटपणाची धार थोडी बोथट करते, असे माझे मत. अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे यांच्यासारखा रॉकगायक होता, हे उत्तम झाले. कारण वाइलने वेश्यागृहातल्या आठवणींना टँगोची लाडिक चाल दिली आहे. सूर गोड आणि शब्द किळसवाणे. तिथे कोणी तान घेत बसला, तर वन्समोअर मिळेल आणि नाटक हातचे जाईल.

बर्लिन आणि उज्जयिनी ही जोडी मी ओढूनताणून जमवलेली नाही. लिऑन फॉइश्टवांगरने १९१६ मध्ये ‘वसंतसेना’ या नावाने ‘मृच्छकटिक’ जर्मनमध्ये आणले. पुढे तोच ब्रेख्तचा ज्येष्ठ मित्र झाला, आणि ‘तीन पैशां’चे नावही त्यानेच सुचवले असे सांगतात. उलट दिशेने हबीब तन्वीर बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या मंडळीचे प्रयोग पाहून परतले आणि १९५८ मध्ये त्यांनी दिल्लीत छत्तीसगढी नटांना घेऊन ‘मिट्टी की गाड़ी’ उभी केली.

त्याच १९५८ मध्ये उज्जैनला कालिदास समारोह सुरू झाला. दिवाळीनंतर कार्तिकी एकादशीला तो सुरू होतो. तिथे कधी लागोपाठ दोन रात्री ही दोन्ही नाटके एकाच मंडळीने करावीत. पहिल्या रात्रीचे दोन चांडाळ दुसऱ्या रात्री तुरुंगाचे शिपाई व्हावेत, आणि त्यांनी आपल्या बोलण्याची गती अजिबात बदलू नये.