कण्यावरची सोनेरी ओळ

पुस्तकाच्या दुकानात बहुतेक पुस्तकांचा फक्त कणा दिसतो. दर्शनी मांडणीत मुखपृष्ठ झळकवण्याचं भाग्य मोजक्यांचं, बाकीची दाटीवाटीनं उभी असतात. त्या अरुंद पट्टीवर शीर्षक आणि लेखकाचं नाव घातलं की काम संपलं, असं आपण धरून चालतो. १८५६ साली अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमननं ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर या दोन गोष्टींच्या जोडीला आणखी एक वाक्य सोनेरी अक्षरांत छापून घेतलं आणि त्याखाली नामवंत निबंधकार राल्फ वाल्डो इमर्सन यांचं नाव घातलं. स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्या लेखकाला प्रसिद्धीचे सल्ले आज चारी बाजूंनी मिळतात. मला मात्र व्हिटमनच्या पहिल्या दोन आवृत्त्या, १८५५ची आणि १८५६ची, बारकाईनं न्याहाळणं त्या सगळ्यांपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं. कवितेची थोरवी सर्वमान्य आहे. इथे पाहायची आहे ती कवितेभोवतीची कारागिरी.

ही कारागिरी आकाशातून पडलेली नव्हती. व्हिटमन बाराव्या वर्षीच छापखान्यात उमेदवारीला लागला. खिळे जुळवणं, वार्ताहराचं काम, संपादन अशा सगळ्या पायऱ्या त्यानं चढल्या आणि ‘ब्रुकलिन डेली ईगल’ या दैनिकाचा तो काही काळ संपादकही होता. १८५५ साली ब्रुकलिनमधल्या रोम बंधूंच्या छोट्या छापखान्यात त्यानं आपल्या पुस्तकाच्या ७९५ प्रती काढल्या. काही पानांचे खिळे त्यानं स्वतः जुळवले. शीर्षकपानावर प्रकाशकाचं नाव नाही, फक्त गाव आणि साल. छापखान्याची शाई हाताला लागलेल्या माणसाचं हे पुस्तक आहे, आणि ते पानोपानी जाणवतं.

आधी बाहेरून पाहू. हिरवी कापडी बांधणी आणि जवळपास अकरा इंचांची उंची, म्हणजे कवितासंग्रहाला न शोभणारा थोराड आकार. पण व्हिटमनच्या ओळी लांब आहेत, श्वास पुरेपर्यंत चालणाऱ्या. अरुंद पानावर त्या ठायी ठायी मोडल्या असत्या, या रुंद पानावर त्या हातपाय पसरून बसतात. मुखपृष्ठावर सोन्यात उठवलेलं शीर्षक नीट पाहिलं, तर अक्षरांना मुळं फुटलेली दिसतात, वर पानं आणि तणावे आलेले दिसतात. गवताची पानं आणि पुस्तकाची पानं यांचं नातं पुस्तक उघडण्याआधीच डोळ्यांना कळतं. आत जी कल्पना शेकडो ओळींतून उलगडणार आहे, तिची चव मुखपृष्ठ एका नजरेत देतं. सजावटीनं आशयाची एवढी चाकरी केलेली क्वचितच पाहायला मिळते.

पान उलटलं की डावीकडे चित्र आणि उजवीकडे शीर्षक. शीर्षकपानावर कवीचं नावच नाही! त्या जागी आहे सॅम्युअल हॉलियरनं कोरलेलं मुखचित्र. गेब्रिएल हॅरिसननं काढलेल्या छायाचित्रावरून ते केलेलं आहे. डोक्यावर तिरकी टोपी, सदऱ्याची गळ्याशी उघडी गुंडी, एक हात कमरेवर, दुसरा खिशात. त्या काळातला कवी चित्रात यायचा तो कोट, गळपट्टा आणि गंभीर मुद्रा घेऊन. हा माणूस मात्र कामावरून आत्ताच येऊन उभा राहिल्यासारखा दिसतो. चित्राची खालची बाजूही पाहावी. पायांकडे जाताना रेषा विरत जातात आणि आकृती कागदातून उगवल्यासारखी वाटते. नावासाठी थांबावं लागतं. मागच्या बाजूच्या स्वामित्वहक्काच्या ओळीत ‘वॉल्टर व्हिटमन’ अशी कायदेशीर नोंद आहे. पण ‘वॉल्ट व्हिटमन’ हे नाव पहिल्यांदा भेटतं ते २९व्या पानावर, थेट कवितेच्या ओघात. चेहरा आधी, आवाज नंतर आणि नाव सर्वांत शेवटी. अनोळखी माणसाशी ओळख अशीच तर होत जाते. लेखकाचा परिचय देण्याची याहून उत्कट रीत मी पाहिलेली नाही.

आता विक्रीची जागा. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर फाउलर अँड वेल्स यांची पेढी होती. ही मंडळी डोक्याच्या उंचसखलपणावरून स्वभाव सांगत, आणि आरोग्य, जलोपचार, आहार, समाजसुधारणा यांवरची पुस्तकं काढत. लोरेन्झो फाउलरनं १८४९ साली व्हिटमनचंही डोकं तपासलं होतं. कवितासंग्रहाला हे दुकान विजोड वाटतं. पण तिथे येणारं गिऱ्हाईक कोण होतं, हे पाहिलं पाहिजे. शरीराबद्दल मोकळेपणानं वाचणारी, नव्या विचारांना घाबरत नसलेली ही माणसं होती. शरीराचा उत्सव करणाऱ्या कवितेला याहून जवळचा वाचक ग्रंथप्रेमींच्या प्रतिष्ठित दुकानातही सापडला नसता. आपला वाचक आधीच जिथे जातो तिथे पुस्तक नेऊन ठेवायचं, ही जाण इथे किती सहजपणे दिसते!

सोबत वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात होती. पुस्तकाचं नाव, दुकानाचा पत्ता आणि किंमत दोन डॉलर, जी पुढे उतरवली गेली. एवढ्याशा जाहिरातीनं काय साधलं, ते इमर्सन यांच्या पत्रातूनच कळतं. पुस्तक त्यांच्या हाती पडलं होतं, ते भारावूनही गेले होते, पण हे नाव खरं आहे का, या माणसाला पत्र पाठवता येईल का, याची त्यांना खात्री नव्हती. ती खात्री आदल्या रात्री वर्तमानपत्रातली जाहिरात पाहिल्यावर पटली, असं त्यांनी २१ जुलै १८५५च्या पत्रात लिहिलं. अमेरिकन वाङ्मयातल्या कदाचित सर्वांत प्रसिद्ध अभिप्रायाला वाट मिळाली ती जाहिरातीतल्या त्या पत्त्यामुळे. वाचकाला आपल्यापर्यंत पोचता येईल एवढी सोय करून ठेवणं हे साधं काम आहे, आणि इथे त्या साधेपणानं सोनं केलं.

यानंतरचा भाग नाजूक आहे. त्या काळी नियतकालिकांतली परीक्षणं बहुधा विनास्वाक्षरीची असत. याचा फायदा घेऊन व्हिटमननं आपल्याच पुस्तकाची तीन परीक्षणं लिहिली. ‘युनायटेड स्टेट्स रिव्ह्यू’मधल्या परीक्षणाचा सूर राष्ट्रीय आहे, अमेरिकेला अखेर स्वतःचा कवी मिळाला असा डंका त्यात आहे. ‘ब्रुकलिन डेली टाइम्स’मध्ये गावचा माणूस गाववाल्यांना भेटवल्यासारखं कवीचं रूप, प्रकृती आणि राहणी यांचं वर्णन येतं. फाउलर अँड वेल्स यांच्याच ‘अमेरिकन फ्रेनॉलॉजिकल जर्नल’मध्ये त्यानं टेनिसनचं ‘मॉड’ शेजारी ठेवून इंग्रज कवी आणि अमेरिकन कवी अशी तुलना मांडली. एकच पुस्तक, पण तीन व्यासपीठांवर तीन वेगळी दारं, आणि प्रत्येक दार त्या त्या वाचकाच्या उंचीचं. कसब म्हणून हे लाजवाब आहे. सचोटी म्हणून मात्र ते समर्थनीय नाही, आणि ते लपूनही राहिलं नाही. नोव्हेंबर १८५६मध्ये ‘न्यूयॉर्क डेली टाइम्स’नं हा प्रकार उघडपणे मांडला. तरीही त्या तीन लेखांची घडण अभ्यासावी अशी आहे. वाचक बदलला की पुस्तकाची कोणती बाजू पुढे करायची, याचं भान त्यांच्या शब्दाशब्दांत आहे, आणि हे भान स्वतःचं नाव न लपवताही बाळगता येतं.

इमर्सन यांचं पत्र खाजगी होतं. १० ऑक्टोबर १८५५ला ते ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये छापून आलं. इमर्सन यांची परवानगी घेतलेली नव्हती, आणि ते नाराज झाले यात नवल नाही. व्हिटमननं पत्राच्या छापील प्रती काढून पुस्तकासोबत पाठवल्याही. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत हे पत्र कण्यापर्यंत पोचलं. या आवृत्तीमागे फाउलर अँड वेल्स होते, पण शीर्षकपानावर त्यांनी आपलं नाव घातलं नाही. पुस्तक लहान झालं, खिशात मावेल इतकं. कविता बारावरून बत्तीस झाल्या.

त्या कण्यापाशी जरा थांबायला हवं. इमर्सन यांच्या पत्रात स्तुतीची बरीच वाक्यं होती. अमेरिकेनं आजवर दिलेल्या बुद्धिवैभवातली ही सर्वांत विलक्षण भेट, अशा आशयाचंही एक वाक्य होतं. जाहिरातीच्या हिशेबानं आपण सगळ्यांनी तेच उचललं असतं. व्हिटमननं ते सोडलं आणि दुसरंच निवडलं. एका थोर वाटचालीच्या आरंभी मी तुमचं स्वागत करतो, असा त्याचा आशय आहे. यात तीन बारकावे आहेत. पहिला असा की, हे वाक्य पुस्तकाबद्दल बोलत नाही, माणसाशी बोलतं. त्यामुळे दुकानात उभा असलेला वाचक दोन माणसांमधला संवाद ऐकतो आणि त्याला तो प्रचार वाटत नाही. दुसरा बारकावा ‘आरंभ’ या कल्पनेत आहे. पुस्तक विकत घेणारा त्या आरंभाचा साक्षीदार होतो, पुढे काहीतरी मोठं घडणार आहे आणि आपण वेळेवर पोचलो आहोत असं त्याला वाटतं. तिसरा बारकावा व्हिटमनच्या कवितेच्या मुळाशीच जातो. त्याच्या कवितेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ सतत येतात, ती वाचकाला समोर बसवून बोलते. कण्यावरचं वाक्यही कुणाला तरी उद्देशूनच आहे, म्हणजे आत जो सूर लागणार तोच बाहेर लागलेला आहे. परवानगीशिवाय ते वापरणं चूकच होतं. पण एका पत्रातून नेमकं एक वाक्य वेचणारी ती नजर अस्सल संपादकाची होती, आणि ‘ब्लर्ब’च्या इतिहासात या कण्याचा उल्लेख आजही होतो तो त्या नजरेमुळे.

पुस्तकाच्या शेवटी आणखी एक नवल आहे. ‘लीव्ह्ज-ड्रॉपिंग्ज’ या नावाची पुरवणी. तिच्यात इमर्सन यांचं पत्र आहे, व्हिटमनचं लांबलचक उत्तर आहे आणि परीक्षणं आहेत. उत्तरात पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती छापल्या आणि त्या सहज खपल्या, असं त्यानं लिहिलं. ते खरं नव्हतं, आणि या सुरेख पुरवणीवरचा तो डाग आहे. पण परीक्षणांची मांडणी पाहावी. स्तुतीच्या शेजारीच सणसणीत शिव्या छापलेल्या आहेत. डुकराला गणित कळावं तितकीच याला कला कळते, अशा अर्थाचं लंडनच्या ‘क्रिटिक’चं मत त्यात आहे, आणि कवी वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला असावा अशी बोस्टनच्या एका वृत्तपत्रातली शंकाही आहे. फक्त कौतुकाचे उतारे वाचले की वाचक मनातल्या मनात त्यातलं निम्मं वजा करतो. इथे त्याच्यासमोर खटला मांडलेला आहे. दोन्ही बाजूंचे साक्षीदार उभे आहेत आणि पुरावा म्हणून पुस्तक त्याच्याच हातात आहे. निकाल द्यायचा तर वाचावंच लागेल. वाचकाच्या बुद्धीचा असा मान राखणारी जाहिरात मला दुसरी ठाऊक नाही.

या सगळ्याचं फळ हळूहळू आलं. १८६० साली थेअर अँड एल्ड्रिज या बोस्टनच्या तरुण प्रकाशकांनी आपण होऊन पत्र लिहून पुढची आवृत्ती मागितली, आणि जोडीला परीक्षणांची ६४ पानी पुस्तिका प्रचारासाठी काढली. पुढे आजारपणात, कॅम्डन इथल्या घरी राहून, १८७६ची आवृत्ती त्यानं स्वतः सह्या करून टपालानं विकली. १८८२ साली बोस्टनच्या सरकारी वकिलानं अश्लीलतेचा आक्षेप घेतला. कविता गाळून तडजोड करायला व्हिटमननं नकार दिला आणि पुस्तक फिलाडेल्फियाला नेलं. तिथे ते झपाट्यानं खपलं. १८९२ साली तो गेला तोपर्यंत याच एका पुस्तकावर तो काम करत होता. प्रत्येक आवृत्ती वाढवलेली, पुन्हा रचलेली, आणि प्रत्येक वेळी तिच्याभोवतीची प्रसिद्धीही नव्यानं घडवलेली.

आपल्याकडे कवितासंग्रह स्वखर्चानं निघतो तेव्हा प्रसिद्धी म्हणजे प्रकाशन समारंभ, मान्यवरांची प्रस्तावना आणि मित्रांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरचं मुखपृष्ठ, अशी एक ठरलेली रीत आहे. त्यात वाईट काही नाही. पण कोणत्याही पुस्तकाला ती तशीच लावता येते, आणि तिचं उणेपण नेमकं तिथेच आहे. व्हिटमनचं मुखचित्र दुसऱ्या कवीला शोभलं नसतं, त्याचा कणा दुसऱ्या पुस्तकावर चालला नसता, त्याचं दुकान दुसऱ्या संग्रहाला लाभलं नसतं. प्रत्येक गोष्ट त्या कवितेच्या गाभ्यातून काढलेली आहे. स्वतःचं पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे: व्हिटमनची खोटी परीक्षणं, वाढवलेले आकडे आणि विनापरवानगी छापलेलं पत्र सोडून द्या. आपल्या पुस्तकाच्या गाभ्याशी काय आहे हे आधी एका वाक्यात स्वतःशी ठरवा, आणि मग मुखपृष्ठापासून जाहिरातीतल्या पत्त्यापर्यंत प्रत्येक निर्णय त्या वाक्याला विचारून घ्या.