उभ्या गाडीची रेस : एका संगणकीय मर्यादेची चिकित्सा

इंजिनाच्या वेगाला मर्यादा असणे ही गोष्ट नवी नाही. जुन्या पोर्शे ९११ गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमधील रोटरवर स्प्रिंगने धरलेले एक लहानसे वजन असे. ठराविक फेऱ्यांपलीकडे ते केंद्रोत्सारी बलाने बाहेर सरकत असे आणि ठिणगी तुटत असे. गाडी उभी आहे की धावते आहे, याची या योजनेला जाण नव्हती. पुढे ॲक्सिलरेटर आणि थ्रॉटल यांना जोडणारी केबल जाऊन तेथे संगणक आला, तेव्हा मर्यादेला परिस्थितीचे भान आले. आज अनेक वेगवान गाड्यांचे इंजिन, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना, मिनिटाला सुमारे ४००० फेऱ्यांवरच अडवले जाते. धावताना मात्र तेच इंजिन ७००० च्या आसपास सहज जाते. ही दुसरी मर्यादा नेमके कोणाचे रक्षण करते, हा येथे विचारार्थ प्रश्न आहे.

इंजिनाचे रक्षण, हे पहिले उत्तर. त्यात तथ्य आहे; परंतु ते पुरेसे नाही. सन २००० मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एम-३ चे उदाहरण घ्यावे. तिच्या पिस्टनची धाव ९१ मिलिमीटर असून इंजिन सुमारे ८००० फेऱ्यांपर्यंत जाते. त्या वेगाला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला २४ मीटरच्या वर जाते आणि प्रत्येक पिस्टन सेकंदात सुमारे २६६ वेळा थांबून उलट फिरतो. कनेक्टिंग रॉडवर येणारे जडत्वाचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ४००० फेऱ्यांना ते ८००० च्या तुलनेत एक चतुर्थांशच असते. मार नसलेले इंजिन फार झपाट्याने चढते आणि उभ्या गाडीला वाऱ्याचा गारवा मिळत नाही, हे खरे. तरीही तापलेल्या, सुस्थितीतील इंजिनाला निम्म्यावर रोखण्याचे समर्थन एवढ्यावरून होत नाही.

शिवाय जेथे धोका सर्वाधिक, तेथे ही मर्यादा हतबल असते. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत चालकाने भरवेगात चुकून खालचा गिअर टाकला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात. इंधन तोडून काही उपयोग होत नाही. पोर्शेच्या संगणकात अशा अतिवेगाची नोंद राहते आणि जुनी गाडी घेणारे जाणकार ती आवर्जून तपासतात.

दुसरे उत्तर शेजाऱ्यांच्या कानांचे. ते अधिक प्रामाणिक आहे. मध्यरात्री इमारतीखाली गाडीची रेस वाढवत बसणाऱ्याचा कैवार कोणी घेऊ नये. पण येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. वाहनांच्या आवाजासंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ५१ व्या नियमावलीनुसार उभ्या गाडीचा आवाज ठरावीक फेऱ्यांना मोजतात. ज्या इंजिनाची कमाल शक्ती ५००० ते ७५०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळते, त्याच्यासाठी हा आकडा ३७५० आहे. गाडीला तो गाठता येत नसेल, तर उभ्या स्थितीत ती जेवढे गाठू शकते त्याच्या पाच टक्के खाली मोजणी होते. म्हणजे निर्मात्याने घातलेली मर्यादा पुरेशी खाली असेल, तर मोजणीची अटच बदलते. नियम मर्यादेला आकार देतो आणि मर्यादा नियमाच्या मापालाही. गाडीच्या मालकाला यातले काहीच कळत नाही. त्याला फक्त अडखळलेला आवाज ऐकू येतो.

शांततेचा हा युक्तिवाद व्यापारापुढे किती टिकतो, हे फोर्डच्या २०२४ च्या मस्टँगवरून दिसते. तिच्या स्वयंचलित गिअरच्या आवृत्तीत, गाडी उभी असताना, दूर राहून किल्लीवरील बटणांनी रेस वाढवण्याची सोय दिली गेली. चालक आत बसलेलाही नाही! जे सॉफ्टवेअर एका गाडीत पायाला नकार देते, तशाच सॉफ्टवेअरने दुसरीत हीच क्रिया वैशिष्ट्य म्हणून विकली. आक्षेप मर्यादेला नाही. यंत्राची गरज, कायद्याचे माप आणि विक्रीचे धोरण या तीन निरनिराळ्या कारणांना एकाच निःशब्द नकारात गुंडाळले जाते, याला आहे.

वर उल्लेखिलेल्या एम-३ मध्ये याहून वेगळी रीत होती. तिच्या फेरेमापकाच्या कडेला नारिंगी दिवे होते. इंजिन थंड असताना वरच्या आकड्यांजवळचे दिवे पेटलेले राहत आणि तेल तापत जाईल तसे एकेक विझत. कोठवर जावे आणि का, हे चालकाला तेथेच दिसत असे. मानायचे की नाही, ते त्याच्याकडे होते.