पुराव्याचा प्रश्न : डहाणूच्या जंगलपट्टीतून दिसणारे सर्वोच्च न्यायालय

सर्वोच्च न्यायालयाविषयी मराठीत जे गंभीर लेखन होते, ते बहुधा 1973 च्या केशवानंद भारती खटल्यापासून सुरू होते. संविधानाची मूलभूत चौकट, आणीबाणीतले निकाल, जनहित याचिका असा त्याचा ठरलेला प्रवास असतो. तो महत्त्वाचा आहेच. पण मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या कासा गावातून, सूर्या नदीच्या खोऱ्यातून याच न्यायालयाकडे पाहिले, तर निकालांची उतरंड वेगळी लागते. डहाणू-तलासरीच्या वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांच्या जगण्याला ज्यांचा थेट स्पर्श झाला असे दोन आदेश आहेत. एक 1991 चा, वनजमिनीच्या पुराव्याविषयीचा. दुसरा 1996 चा, डहाणू तालुक्याच्या पर्यावरणाविषयीचा. दोन्ही लोकांच्या बाजूचे. पहिल्यातले तत्त्व पुढे कायद्यात उतरून गावाच्या हाती आले. दुसऱ्याने जे संरक्षण दिले, ते एका प्राधिकरणाकडे राहिले आणि त्याच प्राधिकरणाच्या परवानगीने विरळ झाले. असे का झाले, हे तपासायचे आहे.

आधी पुराव्याची गोष्ट. ब्रिटिश अमदानीत जंगले राखीव झाली आणि त्यांत नागली-वरई पिकवणारा माणूस कागदावर अतिक्रमक ठरला. स्वातंत्र्यानंतरही ती नोंद पुसली गेली नाही. महाराष्ट्र शासनाने 1978 मध्ये त्या वर्षापर्यंतची वनजमिनीवरची वहिवाट नियमित करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो वहिवाट सिद्ध कशी करायची याचा. सातबारा नव्हता, खरेदीखत नव्हते. असलीच तर वनखात्याने केलेल्या दंडाची पावती. म्हणजे ज्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, त्याच्याजवळ काही कागद होता. जो वनरक्षकाला कोंबडी, धान्य किंवा वेठ देऊन सुटला, किंवा ज्याच्याकडून दंड घेऊन पावतीच दिली गेली नाही, तो रिकामा राहिला. लाच देणाऱ्या दुबळ्याने पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली तरी ती कागदावर कोरीच.

डहाणू-जव्हार भागातल्या कष्टकरी संघटनेच्या लढ्यातून ‘प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ ही याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. 7 मार्च 1991 रोजी त्यावर आदेश झाला. त्याचा गाभा असा : कागद नाही एवढ्यावरून दावा फेटाळू नये; चौकशी करताना इतर पुरावाही पाहावा. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हा आदेश सहसा भेटत नाही. त्यात नवा मूलभूत हक्क घोषित झालेला नाही. त्याने एवढेच केले की, कोणाचे बोलणे ऐकण्याजोगे मानायचे, हा नियम बदलला. माझ्या मते या पट्ट्यासाठी तोच सर्वांत दूरगामी ठरला, कारण हक्क असूनही तो सिद्ध करता येत नसेल, तर त्याचा उपयोग फक्त भाषणापुरता.

आता डिसेंबर 1996 कडे या. त्या महिन्यातल्या तेरा दिवसांत तीन गोष्टी घडल्या. 12 डिसेंबरला गोदावर्मन खटल्यात न्यायालयाने ‘वन’ या शब्दाचा कोशातला अर्थ ग्राह्य धरून देशभरच्या जंगलांवर आपली देखरेख सुरू केली. 19 डिसेंबरला, बिट्टू सहगल यांच्या याचिकेवरील 31 ऑक्टोबरच्या आदेशानुसार, केंद्राने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले. 24 डिसेंबरला अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा ‘पेसा’ कायदा झाला. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. एकाच जमिनीविषयी तीन वेगळी उत्तरे मिळाली होती : जंगल न्यायालय सांभाळेल, तालुका तज्ज्ञ सांभाळतील, गाव ग्रामसभा सांभाळेल. पुढचा इतिहास या तीन उत्तरांच्या ओढाताणीचा आहे.

गोदावर्मन खटल्याने बेसुमार तोडीला लगाम घातला, हे नाकारता येत नाही. पण त्याच खटल्यात 23 नोव्हेंबर 2001 रोजी अतिक्रमणे नियमित करण्यास मनाई झाली आणि त्याचा हवाला देत 3 मे 2002 रोजी केंद्रीय वन मंत्रालयाने राज्यांना कळवले की, अपात्र अतिक्रमणे 30 सप्टेंबरपर्यंत हटवा. 1991 मध्ये आदिवासीचे ऐका म्हणणारे आणि दहा वर्षांनी ज्याच्या मनाईआदेशाच्या आधारे त्याला हटवायला निघाले ते न्यायालय एकच. त्यातून देशभर उठलेल्या असंतोषानेच पुढे वनहक्क कायद्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्राने मात्र 10 ऑक्टोबर 2002 च्या शासन निर्णयात 1991 च्या आदेशाचा धागा पकडून गावपातळीवरच्या समितीला दाव्यांच्या पडताळणीत स्थान दिले.

2006 चा वनहक्क कायदा आणि 2008 ची नियमावली वाचताना तेरावा नियम जरूर थांबून वाचावा. पुराव्यांच्या यादीत सरकारी दस्तऐवज आहेत, तशी घरे, बांध-बंदिस्ती, सपाट केलेली जमीन आहे, आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही आहे. म्हातारीने सांगितलेली शेताची आठवण इथे पुराव्याच्या रांगेत बसली. दावा प्रथम तपासते ती ग्रामसभा. 1991 चे तत्त्व इथे कायद्याचे शब्द झाले.

तरीही धोका संपला नाही. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दावे फेटाळले गेलेल्यांना अजून का हटवले नाही, असा जाब राज्यांना विचारला. फेटाळलेल्या दाव्यांची संख्या देशभरात दहा लाखांवर होती. दावा कोणत्या रीतीने फेटाळला, वडीलधाऱ्यांचा जबाब पाहिला का, हा 1991 चा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला नाही. 28 फेब्रुवारीला आदेश स्थगित झाला, तेव्हा मात्र फेटाळणीची प्रक्रिया शपथपत्रावर सांगा असे राज्यांना सांगण्यात आले. ही दुरुस्ती न्यायालयाला करता आली, कारण मोजमापाची पट्टी आता कायद्यात होती. महाराष्ट्रातही मे 2020 मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. म्हणजे चुकीचा निर्णय खाली झाला, तरी त्यावर बोट ठेवायला जागा राहिली.

डहाणू प्राधिकरणाची कथा याच्या शेजारी ठेवून पाहू. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, उद्योगांना कमाल 500 एकरांची मर्यादा आली, भोवती 25 किलोमीटरचा पट्टा आखला गेला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणाने 1998 मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. औष्णिक वीज केंद्रात गंधकवायू काढून टाकणारी यंत्रणा बसावी, म्हणून नेट लावला आणि ती बसवून घेतली. हे काम लहान नव्हे. जानेवारी 2019 मध्ये धर्माधिकारी गेले. 31 जुलै 2023 रोजी त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदराला संमती दिली, 18 एप्रिल 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये पायाभरणी झाली.

1998 आणि 2023 यांच्या मधल्या काळात बंदराचा आराखडा बदलला, नियमही बदलले, असे समर्थक म्हणतात. तो वाद पर्यावरणतज्ज्ञांनी लढावा. माझा आक्षेप रचनेवर आहे. 1996 च्या आदेशाने मच्छिमार, बागायतदार आणि आदिवासी यांना संरक्षणाचे लाभार्थी केले, निर्णयातले भागीदार केले नाही. होकार किंवा नकार देण्याचा अधिकार नेमलेल्या सदस्यांकडे होता. सदस्य बदलले, उत्तर बदलले. 2013 च्या नियमगिरी निकालात मात्र याच न्यायालयाने ओडिशातल्या डोंगरावरच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला. बारा ग्रामसभांनी नकार दिला. डहाणूत ‘पेसा’ लागू असूनही तशी वाट निघाली नाही.

ग्रामसभा म्हणजे सर्व रोगांवर औषध, असा दावा मी करत नाही. ग्रामसभेच्या नावावर कोरम नसताना ठराव लिहिले जातात, स्त्रिया शेवटच्या रांगेत बसतात, वनहक्क समितीच्या वह्या कोणाच्या तरी घरी अडकून पडतात. पण तिथली चूक गावाला दिसते, तिच्यावर भांडता येते. प्राधिकरणाच्या निर्णयाशी भांडायला मुंबईला वकील लागतो.

म्हणून न्यायालयाच्या कामगिरीचे मूल्यमापन करताना निकाल पुरोगामी की प्रतिगामी, एवढ्यावर आपण थांबू नये. निकालानंतर पुढचा निर्णय कोणाच्या हाती राहिला आणि त्याच्यापुढे कोणाचा शब्द पुरावा म्हणून चालतो, हे विचारावे. कासा परिसरात आजही वनहक्काचे दावे प्रलंबित आहेत, फेटाळलेले आहेत, आणि मागितलेल्या क्षेत्रापेक्षा कमी क्षेत्रावर मंजूर झालेले आहेत. ज्यांना या विषयात रस आहे, त्यांनी निकालपत्रांइतकेच हे फेटाळणीचे कागदही वाचावेत. तेराव्या नियमातले वडीलधारे त्यांत किती ठिकाणी ऐकले गेले, हे त्यांतूनच कळेल.